आधी आपलं घड्याळ पाहा



आज स्वयंपाकघरातली गोष्ट नाही, पण घरातलीच आहे. माझ्याकडून झालेली चूक सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही.

आमचं भांड्यांचं दुकान दादरला. तिथे सासरे बसतात. मिस्टरांची नोकरी इथल्या कारखान्यात, म्हणून आम्ही खोपोलीत. दुकानाचे हिशेब मात्र मीच पाहते. टॅली दुकानातल्या कॉम्प्युटरवर आहे आणि मी घरच्या लॅपटॉपवरून तो कॉम्प्युटर उघडते. दुकानातला स्क्रीन जसाच्या तसा माझ्यासमोर येतो. त्यामुळे लोकलमधले जाऊन-येऊन चार-पाच तास वाचतात. तसं दूर राहून मुंबईचं काम चालवणं खोपोलीला नवीन नाही. १९१५ साली टाटांचं वीजकेंद्र इथे सुरू झालं. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाटातून खाली आणायचं, वीज करायची आणि ती तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना पाठवायची. माझी तार तेवढी त्या दिवशी जुळली नाही.

जुलैची २० तारीख होती, म्हणजे जीएसटीचं ३बी भरायचा शेवटचा दिवस. उशीर झाला तर रोजचे ५० रुपये आणि कर थकला तर वर व्याज. आदल्या रात्रीपासून घाटात धो धो पाऊस, लाइट सकाळी गेलेली ती दुपारी साडेचारला आली. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण उतरली होती. चार्जिंगला लावून सुरू केला, दुकानाचा नंबर टाकला, तर ‘कनेक्ट होऊ शकत नाही’. दहा वेळा तेच.

मोबाईलवर नेट छान चालू होतं. मग मी ठरवूनच टाकलं की पप्पांनी मेन बोर्ड बंद केला असणार. त्यांना ती सवय आहे. दिव्यावर किडे येऊन मरू नयेत म्हणून गरज नसलेलं प्रत्येक बटण ते बंद करतात. फोन लावला आणि जरा चढ्या आवाजातच बोलले, “पप्पा, आज तरी कॉम्प्युटर चालू ठेवायचा ना!”

“चालूच आहे बेटा,” ते म्हणाले.

मला खरं वाटेना. मग मी त्यांना एकेक करायला लावलं. राउटरवरचे दिवे लागलेत का? लागलेत. स्क्रीन झोपला होता का? माउस हलवा. कॉम्प्युटर स्लीपमध्ये गेला की बाहेरून उठत नाही, म्हणून. सॉफ्टवेअर उघडं आहे का? नंबर वाचून दाखवा. पंचाहत्तरीचे पप्पा चष्मा सांभाळत एकेक आकडा वाचत होते. नंबर बरोबर होता. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, राउटरही केला. तरी नाही.

मध्येच मुलीने मोबाईलवर शोधून कुठल्याशा मदत केंद्राचा नंबर दिला. पलीकडचा माणूस अगदी गोड बोलला आणि म्हणाला, “मॅडम, हे दुसरं ॲप मोबाईलवर घ्या आणि त्यातला नंबर मला सांगा.” मी फोन ठेवला. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने नेमक्या याच प्रकाराबद्दल बँकांना सावध केलं होतं. तो नंबर दिला आणि परवानगीचं बटण दाबलं, की आपला मोबाईल परक्याच्या हातात आणि खातं रिकामं. तुम्हीही लक्षात ठेवा.

शेवटी भाच्याला फोन केला. तो अशीच कामं करतो. त्याने दुकानाबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाला, “मामी, तुमच्या लॅपटॉपवर तारीख काय दिसतेय?”

पाहिलं, तर १ जानेवारी २०१८!

जुन्या लॅपटॉपच्या आत घड्याळासाठी एक छोटा गोल सेल असतो. तो संपला होता. वर बॅटरीही उतरली, म्हणून तारीख मागे गेली. दोन कॉम्प्युटर जोडले जाण्याआधी एकमेकांची प्रमाणपत्रं तपासतात आणि त्यांवर मुदत असते. माझ्या लॅपटॉपच्या हिशेबाने ती मुदत अजून सुरूच झाली नव्हती, म्हणून तो जोडून घ्यायला तयार नव्हता. फरक इतका मोठा असला की तारीख आपोआप सुधारतेच असं नाही. लॅपटॉपवर एखादी वेबसाइट उघडून पाहिली असती, तरी तिथेही सुरक्षेची सूचना दिसली असती. पण मी नेट तपासलं ते मोबाईलवर.

तारीख-वेळ नीट केली आणि पुढच्या मिनिटाला दुकानाचा स्क्रीन समोर आला. घड्याळात साडेसात वाजले होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पप्पांचा चोविहार असतो आणि त्या दिवशी सूर्य सव्वासातच्या सुमाराला मावळला होता. त्यांचा डबा समोर तसाच पडून होता. मी बोलावत राहिले आणि ते आकडे वाचत राहिले. आता सकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही.

रिटर्न साडेनऊला भरून झालं. मी फोन केला आणि म्हटलं, “पप्पा, मिच्छामि दुक्कडम्. चूक माझ्या लॅपटॉपची होती आणि मी तुम्हाला बोलले.”

ते हसले. “अगं, एक दिवस पोटाला आराम. झालं ना काम? मग आता बोर्ड बंद करू का?”

आता माझा क्रम ठरलेला आहे. आधी माझी तारीख, मग माझ्याच लॅपटॉपवरचं नेट, मग सॉफ्टवेअरचं अपडेट. एवढं पाहून झाल्यावरच दुकानात फोन. तोही पाचच्या आत, आणि पहिला प्रश्न एकच: “पप्पा, जेवलात का?”