उणे तीन

वाचनालयाच्या सभासदांची यादी आडनावांनुसार लावायची होती. मी नुकतंच पायथन शिकायला घेतलं होतं. एका ओळीत सगळी नावं रांगेत उभी राहतात याचं मोठं अप्रूप वाटत होतं. पण यादी उघडली, तर क्षीरसागर मंडळी कौलगुडांच्या पाठोपाठ, खऱ्यांच्या आधी येऊन बसलेली. काळे काशीकरांच्या आधी. कारण शोधलं तेव्हा कळलं की पायथन नावं यूनिकोडमधल्या अक्षरांच्या क्रमांकांनुसार लावतं, आणि यूनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्यामध्ये आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. आणि क्ष ला तिथे स्वतंत्र क्रमांकच नाही. क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं मिळून तो होतो, म्हणून तो क च्या घरात राहतो.

मग मराठी क्रम लावायचा कसा? प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांसाठी असलेल्या एका ठिकाणी मी विचारलं. नमुन्याची नावं दिली, मिळालेला क्रम दिला, हवा असलेला क्रम दिला. रात्री पाहिलं तर प्रश्नाखाली उणे तीन, म्हणजे तिघांनी नापसंतीचा बाण दाबलेला. उत्तर नाही, एक शब्दही नाही.

मला काही कळेना. माझं इंग्रजी खटकलं का? हा प्रश्न आधी कुणी विचारून झालाय? की मराठीचा क्रम ही कुणाच्या कामाची गोष्टच नाही? तिघांची कारणं एकच होती की वेगवेगळी, हेही समजायला मार्ग नव्हता. चुकीचा प्रोग्रॅम दिला, तर कितव्या ओळीत अडलं ते संगणकसुद्धा सांगतो.

तेव्हापासून मी इतर ठिकाणांचे नियम वाचायला लागले. स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ 2008 साली सुरू झालं. तिथे अपव्होट, म्हणजे पसंतीचं मत, द्यायला खात्यावर 15 गुण लागतात, डाउनव्होट, म्हणजे उणे, द्यायला 125. प्रश्नाशेजारच्या खालच्या बाणावर माउस नेला की कारणं दिसतात: शोधाशोध केलेली नाही, प्रश्न अस्पष्ट आहे, किंवा उपयोगाचा नाही. या तीन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीवर आणखी वाचावं लागेल, दुसरीवर वाक्यं सुधारावी लागतील, तिसरीवर करण्यासारखं काहीच नाही. विचारणाऱ्याच्या हाती मात्र फक्त आकडा पडतो. रेडिटच्या शिष्टाचारात तर स्पष्ट लिहिलंय की केवळ मत पटलं नाही म्हणून डाउनव्होट देऊ नये. तरी 2017 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने आपल्या एका गेमच्या बचावासाठी तिथे उत्तर लिहिलं, तेव्हा त्यावर साडेसहा लाखांहून अधिक उणे पडले. तो सरळसरळ निषेध होता, आणि साधनही तोच बाण.

2014 साली प्रसिद्ध झालेलं एक संशोधन वाचून मी फार अस्वस्थ झाले. चेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार संकेतस्थळांवरच्या वाचकांच्या प्रतिक्रिया तपासल्या. उणे मिळालेली माणसं गप्प बसत नाहीत असं त्यांना दिसलं. ती अधिक लिहितात, आधीपेक्षा वाईट लिहितात आणि दुसऱ्यांनाही अधिक उणे देऊ लागतात. म्हणजे ज्या लिखाणाला आळा घालायचा, तेच वाढतं. आणि निघून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त कुणाची? ज्यांना कुणी अधिकही दिलं नाही आणि उणेही नाही, त्यांची.

उणे नकोच, असं मी म्हणत नाही. चुकीचं उत्तर तळाशी गेलंच पाहिजे, नाहीतर पुढचे कितीतरी जण तेच उचलून आपापल्या प्रोग्रॅममध्ये टाकतील. शिवाय प्रश्नोत्तरांच्या अशा ठिकाणी उत्तरं देणारे हे काम फुकट करतात, आणि गृहपाठ जसाच्या तसा चिकटवणारेही रोज येतात, हेही मी आता पाहते. चाळण लागतेच.

दोन दिवसांनी माझ्या प्रश्नाखाली कुणीतरी विचारलं: हा क्रम कोणत्या कोशातला आहे, आणि जोडाक्षरं सुटी धरायची की एकत्र? एवढ्या एका ओळीने मला पुढची दिशा मिळाली. मी वर्णमाला ओळीने लिहून काढली, क्ष आणि ज्ञ शेवटी वेगळे ठेवले, त्या यादीतल्या स्थानावरून तुलना करणारं छोटं फंक्शन लिहिलं, आणि क्षीरसागर यादीच्या टोकाला गेले. स्कोअर उणेच राहिला.

स्टॅक ओव्हरफ्लोवर उत्तराला उणे दिलं की देणाऱ्याचाही एक गुण कापला जातो, प्रश्नाला दिलं तर काहीच जात नाही. मला हे उलटं वाटतं. चुकीचं उत्तर अनेकांना बुडवतं, ते खाली ढकलायला किंमत कशाला? किंमत असावी ती नवख्याच्या प्रश्नावरच्या बाणाला, आणि तीही गुणांची नको. त्या तीन कारणांपैकी एक निवडल्याशिवाय बाण दाबताच येऊ नये, आणि निवडलेलं कारण विचारणाऱ्याला दिसावं.