चारशेवीस

पत्ते खेळताना बाबांनी हुकमाचं पान मांडीखाली लपवलं आणि मी ओरडले, "बाबा, तुम्ही एक नंबरचे चारशेवीस आहात!" सगळे हसले. बाबांनी मात्र पानं खाली ठेवली आणि बाहेर ओटीवर जाऊन बसले.

आमच्या बोईसरमध्ये हा शब्द सगळ्यांचा आहे. एमआयडीसीच्या टपऱ्यांवर मराठी, गुजराती, भोजपुरी सगळं ऐकू येतं. पगार बुडवणाऱ्याला शिवी मात्र एकच. तिचं मूळ अगदी सरकारी. १८६०च्या भारतीय दंड संहितेत, फसवून दुसऱ्याची मालमत्ता उकळण्याचं कलम होतं ४२०. शिक्षा सात वर्षांपर्यंत. कोर्टकचेरीतला आकडा लोकांच्या तोंडी बसला आणि १९५५ मध्ये राज कपूरच्या 'श्री ४२०'मुळे थेट सिनेमाच्या पोस्टरवर गेला. नायजेरियात तिथल्या कायद्यातल्या कलमावरून लबाडीला 'फोर वन नाइन' म्हणतात. तीच गंमत.

बाबा का उठले, ते रात्री आईने सांगितलं. मी लहान असताना एका ठेकेदाराने तारापूरला 'परमनंट लावतो' म्हणून पैसे घेतले होते. बाबांनी स्वतःचे दिलेच, वर गावातल्या तीन पोरांनाही त्याच्याकडे नेलं. महिन्याभरात त्याचा फोन बंद. पोरांचे बाप आमच्या दारात उभे राहिले आणि हाच शब्द बाबांना म्हणाले. आजीच्या पाटल्या मोडून, ओव्हरटाइम करकरून बाबांनी तिघांचे पैसे फेडले.

नंतर मी त्या कलमाबद्दल वाचलं. नुसता शब्द पाळता आला नाही म्हणून कुणी ४२० ठरत नाही. शब्द देतानाच मनात फसवायचा हेतू असावा लागतो. धावत जाऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "हे तेव्हा गावाला कोण सांगणार होतं?"

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. फसवणुकीचं कलम आता ३१८. पण टपरीवर कुणी कुणाला 'तीनशेअठरा' म्हणत नाही. कायदा बदलला, शिवी तशीच राहिली.

बाबा अजूनही पान लपवतात. मी फक्त म्हणते, "बाबा, मांडी उचला."