नाताळची तयारी श्रावणात



माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेव्हा भाषेतील चूकभूल सांभाळून घ्यावी.

माझे बालपण इंदूरजवळच्या महू छावणीत गेले. शेजारी नगरकडच्या एक ख्रिस्ती मावशी राहत. पगार बेताचा, मुले चार. डिसेंबरात एकदम खर्च झेपत नसे. म्हणून त्यांची नाताळची तयारी श्रावणातच सुरू होई. जुने स्वेटर उसवायचे, लोकरीच्या लडी कोमट पाण्यात धुवायच्या, खाली वजन टांगून वाळवायच्या, म्हणजे लोकर सरळ होते. दिवाळी संपली की आमचा आकाशकंदील त्या मागून नेत आणि त्याच्या काड्यांची नाताळची चांदणी बांधत.

1982 साली, मी सहावीत असताना, त्यांनी मला मफलर विणून दिला. मैत्रिणीला मात्र बाजारची बाहुली मिळाली होती. मला लाज वाटली. मफलर पेटीच्या तळाशी गेला, एकदाही घातला नाही. पुढच्या वर्षी मावशींच्या यजमानांची बदली झाली. नंतर पेटी आवरताना आई म्हणाली, "अगं, हा तर त्यांच्या स्वतःच्या स्वेटरचा रंग!" त्या हिवाळ्यात मावशी शालीवर भागवत होत्या, हे मला तेव्हा आठवले.

मुलांनो, यंदा नाताळच्या भेटी घरीच करा आणि गणपती उठले की कामाला लागा. हाताने केलेले कोणी तुम्हाला दिले, तर त्यांच्यासमोर ते वापरा. माझे ते राहून गेले.

– आपली मुख्याध्यापिका