थिबा राजाच्या गावात

करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. गाडी आत शिरली की डब्यातली मुलं आधी ओरडतात, मग कंटाळतात, आणि उजेड दिसला की रत्नागिरी जवळ आलेली असते. नाताळच्या सुट्टीला जोडून शनिवार-रविवार आले, म्हणून आईला आणि मुलांना घेऊन निघालो होतो. आईचं आजोळ इथलं. तिच्या लहानपणी प्रवास बोटीचा. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट रत्नागिरीसमोर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसं किनाऱ्यावर आणायचे.

"आणि पावसाळ्यात, आजी?"

"पावसात कसल्या बोटी गो! समुद्र खवळलेला. सगळं बंद."

आजीच्या या एका वाक्यात रत्नागिरीच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण आहे. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, रेल्वे नाही आणि पावसात बोटही नाही. ज्याला जगापासून तोडायचं त्याला ठेवायला इंग्रजांना अशीच जागा हवी होती. १८८६ च्या एप्रिलमध्ये त्यांनी ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला समुद्रमार्गे इथे आणून उतरवलं.

थिबा तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांची फौज इरावती नदीतून मंडालेपर्यंत पोचली आणि जेमतेम दोन आठवड्यांत राज्य गेलं. राजा, राणी सुपयालत आणि मुली यांना आधी मद्रासला नेलं. तिसरी मुलगी तिथे जन्मली, चौथी रत्नागिरीत. दिल्लीचा बहादूरशहा जफर १८५८ मध्ये रंगूनला पाठवला गेला होता. आता रंगूनकडचा राजा आपल्या कोकणात आला. राजाला त्याच्या प्रजेपासून समुद्रापलीकडे ठेवलं की बंडाला निशाण उरत नाही, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच होता.

दुपारी जेवण उरकून थिबा पॅलेसला गेलो. लालसर रंगाची तीन मजली इमारत, उतरती छपरं, भोवती मोकळं आवार. खिडक्यांच्या वरच्या अर्धगोलांत लाकडावर बारीक नक्षी आहे आणि तिच्यात रंगीत काचा बसवलेल्या आहेत. उन्हं कलली तसे त्या काचांचे लाल-निळे तुकडे फरशीवर पडले. धाकटा त्या रंगांवर पाय ठेवत चालत सुटला. दिवाणखान्यातली संगमरवरी फरशी अजून गार आणि गुळगुळीत आहे. खाली शासनाचं संग्रहालय आहे.

इतकी देखणी वास्तू पाहून बहुतेकांचा समज होतो की राजा इथे थाटात राहिला. खरी गोष्ट अशी की हा वाडा १९१० साली पुरा झाला. त्याआधीची चोवीस वर्षं राजाचं कुटुंब दुसऱ्या बंगल्यांत राहिलं. तनख्यात भागेना, म्हणून बरोबर आणलेली माणकं एकेक करून विकली गेली. कुठेही जायचं तर इंग्रज अधिकाऱ्याची परवानगी लागे. तरीही १९१४ मध्ये या वाड्यात राजकन्यांचा कान टोचण्याचा समारंभ ब्रह्मी रिवाजाप्रमाणे मोठ्या थाटात झाला. देश हातचा गेला, पण घरातले संस्कार राजाने जाऊ दिले नाहीत. मला त्याचा हा हट्ट फार मोठा वाटतो. आणखी दोन वर्षांनी, १९१६ च्या डिसेंबरात, थिबा इथेच वारला. नव्या वाड्यात त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली.

राजवाड्याजवळच्या थिबा पॉइंटवरून खाली भाट्याची खाडी दिसते. काजळी नदी, पूल, पलीकडे सुरूचं बन आणि मग थेट समुद्र. इथे उभं राहिलं की पश्चिमेचं सगळं पाणी दिसतं. राजाचा देश मात्र पाठीमागे, पूर्वेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांच्या हट्टाखातर मांडवीला गेलो. इथली वाळू काळी. हातात घेऊन बोटांनी पसरली की काळे चकचकीत कण वेगळे दिसतात. ते इल्मेनाइट या खनिजाचे. थंडी छान होती, आंब्याला मोहोर धरू लागला होता. आई प्रत्येक कलमाकडे बघून यंदा आंबा किती येईल याचे अंदाज बांधत होती. भगवती किल्ला, टिळकांचं जन्मघर, १९३१ मध्ये सावरकरांच्या प्रेरणेने भागोजी कीर यांनी बांधलेलं पतितपावन मंदिर हे सगळं भरभर पाहिलं. पतितपावनपाशी मात्र थबकलो, कारण १९२४ ते १९३७ सावरकरही याच जिल्ह्यात स्थानबद्ध होते. थिबासाठी निवडलेली जागा सरकारने पुन्हा एकदा वापरली होती.

निघण्याआधी शिवाजीनगरात थिबाच्या समाधीवर गेलो. आजूबाजूला साधी घरं, आणि त्यांत राजाची आणि त्याच्या दुसऱ्या, धाकट्या राणीची समाधी. राजा वारल्यावर दोन वर्षांहून अधिक काळ कुटुंबाने त्याचा देह मायदेशी नेण्याची वाट पाहिली. परवानगी आली नाही. १९१९ मध्ये देह इथे ठेवला गेला आणि त्याच वर्षी राणी सुपयालत मुलींसह ब्रह्मदेशात परतली.

थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. राजाच्या पदरी असलेल्या गोपाळ सावंत यांच्यापासून तिला टुटू ही मुलगी झाली होती. राजकन्या १९४७ मध्ये इथेच वारली. टुटू इथेच वाढली, मराठी बोलली, इथल्याच घरात लग्न करून गेली. राजाची ही नात गरिबीत, कष्टाने संसार करून २००० साली गेली. हे ऐकून मुलीने विचारलं, "मग तिला कोणी परत नेलं नाही?" आईने तिला जवळ घेतलं. "हेच तिचं गाव होतं गो."

२०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या समाधीला नमस्कार करायला आले होते. ते एवढ्या लांबून आले, आणि आपण राजवाड्यापुढे फोटो काढून दोनेक किलोमीटरवरूनच परत फिरतो. रत्नागिरीला जाल तेव्हा पांढऱ्या आणि काळ्या वाळूच्या किनाऱ्यांइतकाच वेळ या जागेला द्या, आणि मुलांना गोष्ट आधी सांगून ठेवा. सुट्टी सोमवारपर्यंत असली तरी राजवाडा शनिवारी किंवा रविवारीच बघा. सोमवारी संग्रहालय बंद असतं.