टोपली भरता भरता

मुलीच्या शाळेची कोस्टा रिकाला सहल निघाली, तेव्हा बरोबर यायला दोन पालक हवे होते. आम्ही राहतो न्यू जर्सीला. डिसेंबरच्या सुट्टीत घरात कुडकुडत बसण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी नाव दिलं.

देश तो केवढासा! आपल्या महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्श्याएवढा. पण १९४८ साली त्यांनी सैन्यच मोडीत काढलं, बरं का!

जंगलात मुलांना सगळ्यात आवडला तो स्लॉथ. फांदीला उलटा लटकलेला. साधारण आठवड्यातून एकदा झाडावरून उतरतो, तोही शौचाला! हे कळल्याबरोबर प्रत्येकाला आपापल्या घरातला कुणी ना कुणी आठवला. पायाखालून पानांचे तुकडे डोक्यावर घेऊन मुंग्यांची रांग चालली होती. ती पानं त्या खात नाहीत. वारुळात नेऊन त्यांवर बुरशी वाढवतात आणि ती खातात. म्हणजे शेतीच की ही!

आरेनालचा ज्वालामुखी मात्र पाहून पोरं गप्प झाली. १९६८ च्या जुलैत तो अचानक फुटला, गावं उद्ध्वस्त झाली, ऐंशीच्या वर माणसं दगावली. २०१० पासून तो शांत आहे. त्याच्या काळ्या दगडांतून आता गवत, झुडपं उगवली आहेत.

शेवटचे दोन दिवस कॉफीच्या मळ्यात. ज्वालामुखीच्या राखेनं कसदार झालेली ती जमीन, उतारावर कॉफीची झुडपं, आणि ऐन तोडणीचा हंगाम. मुलांच्या कमरेला टोपल्या बांधल्या. लाल फळ तेवढं तोडायचं, हिरवं राहू द्यायचं, फांदीला इजा करायची नाही. तासाभरात लेकीच्या टोपलीचा तळही धड झाकला नव्हता.

शेजारच्या ओळीत निकाराग्वाहून तोडणीला आलेली एक बाई होती, सोबत तिची मुलगी, माझ्या लेकीच्याच वयाची. त्यांचे हात काय चालत होते! तिथे फळं मोजायचं माप वीस लिटरचं, आपल्या तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याहूनही मोठं. मजुरी त्या मापावर. जेवढी मापं, तेवढे पैसे. दोघी मुली एकमेकींकडे बघून लाजत हसल्या. बोलायला सामाईक भाषा नव्हती.

संध्याकाळी लेकीनं विचारलं, "आई, आजी पण अशीच कामाला जायची ना?"

माझी आई कोकणात दुसऱ्यांच्या शेतावर भातलावणीला जायची. ती स्वतः हा विषय कधी काढत नाही, म्हणून घरात कुणीच काढत नाही. लेकीच्या कानावर कुठून गेलं, देव जाणे!

"हो गं," मी म्हटलं. "तिला मापावर नाही, दिवसाची मजुरी मिळायची."

"आणि कंबर दुखायची?"

"ते तिलाच विचार."

घरी परतल्यावर तिनं खरंच रत्नागिरीला फोन लावला. आई आधी म्हणाली, "कशाला गं ते उगाळायचं?" नात हटून बसली. मग चिखल निघाला, डोक्यावरचं इरलं निघालं, बांधावर झोळीत निजवलेली मीही निघाले. पाऊण तास दोघी बोलत होत्या. मी भांडी विसळत ऐकत होते. त्यातलं निम्मंअधिक मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होते.