आधी लेकराचा श्वास मोजा

नागझिऱ्याच्या रानाला लागून असलेल्या आमच्या वस्तीत पावसाळा लागला की एक प्रश्न हमखास निघतो. लेकराला जुलाब झाले तर आशाताई ओआरएसच्या पुड्यांसोबत झिंकच्या गोळ्या देते. मग खोकला-ताप येऊन छाती भरली की आयाबाया विचारतात, "घरात झिंकच्या गोळ्या उरल्या आहेत, त्याच देऊ का?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. मोठमोठ्या डॉक्टरांनाही तो पडला होता. बांगलादेशातील मतलबच्या रुग्णालयात दोन वर्षांखालील 270 लेकरांवर झालेला अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. न्यूमोनियाच्या नेहमीच्या औषधासोबत रोज 20 मिलिग्रॅम झिंक दिलेली लेकरे सुमारे एक दिवस लवकर सावरली. आशा वाटली. पण 2006 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा अभ्यास आला. तिथे झिंकने लेकरे लवकर बरी झाली नाहीत. म्हणून आज झिंकची शिफारस जुलाबासाठी आहे, न्यूमोनियाच्या उपचारासाठी नाही. आणि जुलाब थांबले तरी गोळ्या 14 दिवस द्यायच्या असतात. घरात गोळ्या उरल्या, म्हणजे तो उपचारही अर्धाच राहिला.

मग लेकरू वाचते कशाने? उत्तर आपल्या शेजारच्या गडचिरोलीने दिले आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या आरोग्यसेवकांना आणि सुइणींना न्यूमोनिया ओळखायला व जंतूंवरचे औषध द्यायला शिकवले. 1990 साली निष्कर्ष छापून आला. उपचार न पोचलेल्या गावांत पाच वर्षांखालील दर हजार लेकरांमागे न्यूमोनियाने 17.5 मृत्यू, पोचलेल्या गावांत 8.1. ज्या सुइणींना आकडे येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ लावून श्वास मोजण्याचे साधन केले.

आपल्याकडे तर मोबाईलचे घड्याळ आहे. लेकरू शांत असताना पोट-छाती किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली 60, दोन महिने ते एक वर्ष 50, एक ते पाच वर्षे 40, एवढे किंवा याहून जास्त श्वास म्हणजे धोका. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, लेकरू अंगावर पीत नसेल, झटके येत असतील किंवा सुस्त पडले असेल, तर मोजत बसू नका. थेट दवाखाना गाठा.

गेल्या रोवणीत आमच्या घरातल्या नऊ महिन्यांच्या लेकीला धाप लागली. मोजले तर 62 भरले. त्या दिवशी दोघांची मजुरी बुडाली, गाडीभाडे उसने घ्यावे लागले. पण पोर वाचली. मजुरीचा हिशेब आम्हालाही करावा लागतो. तो लेकराच्या श्वासानंतर करावा, एवढेच आमचे म्हणणे.

डॉक्टरांनी दिलेले औषध ताप उतरला तरी मध्येच सोडू नका. पोटावर डाग देऊ नका. लेकराला चुलीच्या धुरापासून दूर ठेवा. न्यूमोनियावरची न्यूमोकोकल लस 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयात ती टोचून घ्या. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक आईला हे तीन आकडे पाठ असले पाहिजेत : साठ, पन्नास, चाळीस.