पिवळी कड



वारज्याच्या आमच्या हॉलमधलं स्नेक प्लांट आईचं. सांगलीहून एसटीत मांडीवर घेऊन आली होती ती. आई गेल्यावर ताई म्हणाली, "मलाही त्यातलं एक रोप दे." कुंडी उपसायला नको म्हणून मी एका पानाचे तुकडे करून मातीत खोचले. तीन-चार महिन्यांनी कोंब आले, पण सगळे नुसते हिरवे! पिवळ्या कडेचा पत्ताच नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

लेक वनस्पतिशास्त्र शिकते, तिनं समजावलं. या 'लॉरेंटी' प्रकारात एकाच पानात दोन तऱ्हेच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात. कडेच्या पेशींत हरितद्रव्य नसतं, म्हणून ती पिवळी. पानाच्या तुकड्याला नवा कोंब फुटतो तो आतल्या हिरव्या पेशींतून. कड हवी असेल तर मातीतला कंद तोडूनच रोप वेगळं करावं लागतं.

आली का पंचाईत! ज्या घरात बटाटा येत नाही, तिथे कंदावर सुरी चालवायची? (पान कापताना मात्र मी कुठे एवढा विचार केला होता!) आणि मग लक्षात आलं, आईनंही आणलं ते कंद तोडूनच. मला बोलली नाही कधी.

दशलक्षण पर्व होईपर्यंत हातच लावला नाही. शेवटी ताईला फोन केला. म्हणाली, "हिरवंच दे गं. आईच्याच पानाचं ना?"

रविवारी घेऊन जाणार आहे. कुंडी प्लास्टिकचीच घेतली, मातीची एसटीत फुटते.